असईचा गोलंदाज खोक्यात नाही

नेपोलियनच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या सैनिकांचं खोकं उघडलं की आतून 40-50 माणसं निघतात. प्रत्येक जण जेमतेम इंचभर उंच. प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटी गडी अडीच सेंटिमीटरचा. कैऱ्यांचा घोस लोंबावा तशी ही माणसं एकाच प्लॅस्टिकच्या काडीला चिकटलेली असतात आणि सगळ्यांचा रंग एकच: राखाडी, नाहीतर लाल, नाहीतर निळा. कुणी गुडघा टेकून नेम धरलाय, कुणी बंदुकीत गज घालून दारू ठासतोय, एक जण पडतोय पण अजून पडलेला नाही. ब्लेडनं त्यांना काडीपासून सोडवायचं, भांड्यांच्या साबणानं धुवायचं आणि रंगवायचं. जगभरात कितीतरी मोठी माणसं संध्याकाळी हेच करत बसलेली असतात. त्यातला एक मी. दिवसा पुण्यात कोड लिहितो, गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोडकडचं.

हा छंद पोरकट आहे का, या प्रश्नात मला रस नाही. (घरी तो प्रश्न विचारून झालेला आहे. उत्तरही घरच्यांनीच दिलंय.) मला वेगळीच गोष्ट खुणावते. हे खोकं काहीतरी सांगत असतं. कुणाला साचा मिळाला, कुणाला नाही, कोण शांतपणे नेम धरतो आणि कोण नुसताच तलवार उगारून ओरडत येतो, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पुस्तकात लेखक ठरवतो तसंच. मग पुस्तकाचं परीक्षण होतं तसं खोक्याचंही व्हायला हरकत नाही.

या छंदाला सगळ्यात मोठा अभिमान कशाचा असेल तर तपशिलाचा. ब्रिटिश पायदळाचा कोट लाल, हे आपल्याला सिनेमांमुळे माहीत असतं. पण त्या कोटाची कॉलर आणि बाहीचा काठ पलटणीगणिक वेगळा. 78वी हायलँडर पलटण असेल तर बफ, म्हणजे साधारण ताकातल्या पिठल्यासारखा फिकट पिवळट. 74वी असेल तर पांढरा. 33वी असेल तर लालवर लालच. इंचभर माणसाची कॉलर म्हणजे तीळ. तो तीळ चुकीच्या रंगाचा झाला तर दुसरा छंदी माणूस फोटोवरून ओळखतो आणि दाखवूनही देतो. कोड रिव्ह्यू करणारे काही सीनियर याच वळणाचे असतात, त्यामुळे मला या जगात परकं वाटलं नाही.

या शिस्तीबद्दल मला खरोखर आदर आहे. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या, नावही न उरलेल्या एखाद्या स्कॉटिश शिपायाच्या बाहीचा काठ नेमका असावा म्हणून कुणीतरी डोळे फोडून घेतं, यात एक प्रकारची माया आहे. माझी तक्रार एवढीच की ही माया सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

74 आणि 78 हे आकडे मी वर सहज घेतलेले नाहीत. या दोन्ही पलटणी 1803 साली आपल्याकडे होत्या.

शाळेत नेपोलियन युरोपच्या धड्यात येतो आणि दुसरं इंग्रज-मराठा युद्ध महाराष्ट्राच्या धड्यात, त्यामुळे दोन्हींचा काळ एकच हे डोक्यात येत नाही. पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागलं, ज्यानं 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो 1803 मध्ये आर्थर वेलस्ली होता, 34 वर्षांचा, आणि मराठवाडा-वऱ्हाडातला चिखल तुडवत होता. 23 सप्टेंबरला असई, आजच्या जालना जिल्ह्यात. 29 नोव्हेंबरला अडगाव, आजच्या अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे. 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले. उतारवयात वेलिंग्टनला विचारलं की रणांगणावरची तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर तो असईचं नाव घ्यायचा असं सांगतात. वॉटर्लूचं नाही.

गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक कंपनीला गेलं. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाला. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले अशी दोघांची वसुली चालायची. त्यातला भोसल्यांचा हिस्सा या तहानं सुटला. वाशिमचं बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू भोसल्यांच्याच चाकरीतले. म्हणजे ज्या राजवटीनं वाशिमला त्याचं सगळ्यात ओळखीचं देऊळ दिलं, ती राजवट इथून कशी गेली याचं उत्तर त्या तीन महिन्यांत आहे. पुढे 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला ती वेगळी कथा.

वॉटर्लूच्या खोक्याकडे बघताना म्हणूनच मला ते दुसऱ्या कुणाच्या घरचं खेळणं वाटत नाही. ज्या माणसाची ती गोष्ट आहे त्यानं आपली उमेदवारी आमच्या अंगणात केली होती.

आता खोक्यात बघा. माझ्या टेबलावर आजवर जे जे आलं त्यात फ्रेंच गार्ड आहेत, चिलखतवाले क्युरॅसियर आहेत, हायलँडर आहेत, प्रशियाचे, रशियाचे शिपाई आहेत. 1970 च्या दशकात वाढलेल्या ब्रिटिश पोरांच्या हाती एअरफिक्स कंपनीचे वॉटर्लूचे सैनिक होते आणि या छंदाची नजर अजून बरीचशी त्या पोरांचीच आहे. धातूच्या, महागड्या आकृत्यांमध्ये हिंदुस्थानी फौजा घडवणारे काही लोक आहेत. पण तिथेही मला जास्त करून दिसतो तो एकच नमुना: दाढी, पागोटं, ढाल, वाकडी तलवार, उघडलेलं तोंड, पळतं शरीर. कॉलर नाही, काठ नाही, पलटणीचा आकडा नाही. 74व्या पलटणीच्या माणसाला तिळाएवढा का होईना स्वतःचा रंग आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्याला 'नेटिव्ह' एवढीच ओळख.

असईला समोर कोण उभं होतं ते आठवलं की हे जास्त खुपतं. शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, युरोपीय पद्धतीनं रांगा धरून बंदूक-संगिनीनं लढणाऱ्या. त्यांचा सेनापती पोलमन जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. सोबत बेगम समरूच्या पलटणी. आणि तोफा. महादजी शिंद्यांच्या काळापासून आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात होत्या. असईला कंपनीच्या हाती 90हून जास्त तोफा लागल्या आणि त्या आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या आहेत असं खुद्द वेलस्लीनं लिहिलंय.

त्या तोफांवरचे गोलंदाज हलले नाहीत. दोन्ही राजे मैदान सोडून गेले होते. घोडदळाचे थवे बाजूला राहून बघत होते. गोलंदाज मात्र तोफेशीच मेले, संगिनी अंगावर येईपर्यंत बत्ती देत राहिले. काही जण तोफेखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले. ब्रिटिश रांग त्यांना ओलांडून पुढे गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. वेलस्लीला त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. त्याच्या बाजूचे 1500हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. 74व्या पलटणीची तर असई गावाजवळच्या तोफांसमोर अक्षरशः चाळण झाली.

या लढाईबद्दल 74 आणि 78 या पलटणींना निशाणावर हत्ती मिळाला, सोबत 'असई' हे नाव. छंदी लोक तो हत्ती रंगवतात. नखाएवढ्या कागदी निशाणावर, शून्य नंबरच्या ब्रशनं, सोंडेसकट. मी असे फोटो पाहिलेत आणि थक्क झालोय. म्हणजे आमच्याकडचा हत्ती खोक्यात पोचला. गोलंदाज बाहेर राहिला.

*

कोणता क्षण गोठवायचा आणि त्यात कोण दिसू द्यायचं, या भानगडी या छंदात पहिल्यापासून आहेत. विल्यम सायबोर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे 1830 मध्ये वॉटर्लूची प्रतिकृती करायचं काम आलं. हा गडी रणांगणावरच्या ला हे सेंत या शेतवाड्यात आठ महिने राहिला, जमीन मोजली, आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होतं. उत्तरं आली तशी तो आकृत्या मांडत गेला. 1838 मध्ये लंडनमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात 70 हजारांहून जास्त बारक्या धातूच्या आकृत्या होत्या. हा माझ्या मते डेटा गोळा करून केलेला पहिला मोठा खेळण्यांचा पट.

आणि त्यातच तो अडकला. सातचा क्षण प्रामाणिकपणे मांडला की प्रशियाचं सैन्य मैदानात भरपूर दिसतं. भरपूर दिसलं की विजयाचं श्रेय वाटलं जातं. वेलिंग्टनला ते आवडलं नाही. शेवटी सायबोर्ननं प्रशियाच्या हजारो आकृत्या उचलून काढल्या. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, उरलेल्या माणसांसकट. आकृत्या खऱ्या, जागा खऱ्या, काठाचे रंग खरे, आणि चित्र खोटं. पटावरून कुणाला उचललं हे पटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की चला, इंग्रजांची खोड सापडली. तर आता आपल्या दिवाळीच्या किल्ल्याकडे येऊ.

किल्ल्याची मूळ पद्धत पुण्या-साताऱ्याकडची, पण विदर्भातही आता पोरं किल्ले करतात. विटा, दगड, जुनी पोती, वर चिखलाचा लेप, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत हिरवळ. सिंहासनावर महाराज, पायऱ्यापायऱ्यांवर मावळे, गुहेत वाघ, खाली ताटलीचं तळं. प्रमाणाचा काही संबंध नाही. महाराज मावळ्यांच्या तिप्पट, कारण ते महाराज आहेत. वाघ बुरुजाएवढा, कारण तो बाजारात तेवढाच मिळाला. पायथ्याशी पाण्याला निघालेली बाई, शेजारी कुणाच्या तरी भावाची प्लॅस्टिकची जीप. आणि महादरवाज्यावर हिरव्या प्लॅस्टिकचा अमेरिकी हेल्मेटवाला सैनिक, खांद्यावर बझूका घेऊन, स्वराज्याचा पहारा देतोय.

कला म्हणून मला हा किल्ला वॉटर्लूच्या कुठल्याही खोक्यापेक्षा सरस वाटतो. तो कुणालाही आत घेतो. त्यात भीती नाही की कुणीतरी येऊन काठाचा रंग चुकलाय म्हणेल. इतिहास म्हणून मात्र आपला मावळा आणि त्यांचा 'नेटिव्ह' हे सख्खे भाऊ आहेत. एकाच साच्यातून निघालेला प्लास्टर ऑफ पॅरिसचा माणूस: गुलाबी चेहरा, काळी मिशी, भगवं पागोटं, ढाल-तलवार. त्याचं गाव कोणतं, तो पायदळातला की घोडदळातला, पगार कोण देतं, काही नाही. आपण त्याच्यावर प्रेम करतो, ते करतात की नाही कुणास ठाऊक. पण दोघांनीही त्याला ओळख दिलेली नाही.

शिवाय हा मावळा फक्त डोंगरावर राहतो. वाशिम जिल्ह्यात कॅलेंडरवर छापावा असा डोंगरी किल्ला नाही. इथे शिवाजी महाराजांची फौज आली ती 1670 मध्ये, मोगलांच्या ताब्यातलं श्रीमंत कारंजा लुटायला. तो प्रसंग किल्ल्यावर कसा मांडणार? 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा मलाही आनंद झाला, स्टेटसही ठेवलं. त्या यादीत विदर्भातला एकही किल्ला नाही. गाविलगडाची गोष्ट हरल्याची आहे आणि हरल्याच्या गोष्टीवर अळीव पेरायला आपल्याला जमत नाही.

पोरांच्या खेळण्यांचा आणि 1803 चा एक धागा मात्र विदर्भात अजून जिवंत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं नागपूरकर सांगतात. म्हणजे वऱ्हाड गमावणारा राजाच लेकरांच्या हातातल्या लाकडी बैलासाठी आठवला जातो. अडगाव कुणी आठवत नाही. राजाला हे चाललं असतं असं मला उगाच वाटतं.

*

खोक्यात गोलंदाज नाही म्हटल्यावर तो करावा लागतो. या छंदात याला कन्व्हर्जन म्हणतात, सोप्या भाषेत मॉडिफाय करणं. आमच्याकडे मॉडिफाय म्हटलं की बुलेटचा सायलेन्सर आठवतो, पण तत्त्व तेच: कंपनीनं दिलंय ते मान्य नाही.

मी फ्रेंच तोफखान्याच्या सेटमधला गजवाला घेतो. त्याची उभं राहायची तऱ्हा चांगली आहे, वजन मागच्या पायावर, दोन्ही हात लांब दांड्यावर. डोक्यावरची उंच टोपी ब्लेडनं कापायची. कोटाच्या मागच्या शेपट्या तासायच्या. खांद्यावरची झुबकेदार फीत उडवायची. इथे साहित्याची अडचण येते. हे सैनिक पॉलिइथिलीनचे असतात, मऊ आणि तेलकट. फेविक्विक त्याला धरत नाही. रंग लावला तर वाळून पापुद्रा सुटतो. म्हणून डोकं बदलायचं असेल तर टाचणीचा तुकडा आत खुपसून दोन भाग जोडायचे, आणि रंगाआधी पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्यायचा, म्हणजे वर एक कातडी तयार होते. वाकलेली बंदूक गरम पाण्यात बुडवून सरळ होते, लगेच गार पाण्यात धरली की तशीच राहते. पागोट्यासाठी एम-सील. नळ गळायला लागल्यावर आणतात तेच. तांदळाएवढा गोळा, दोरीसारखा वळायचा, डोक्याभोवती तीन वेढे, टाचणीनं घड्या पाडायच्या. अर्ध्या तासात आटपलं पाहिजे, नंतर ते दगड होतं.

हे करताना जे प्रश्न पडतात ते वाचताना कधी पडले नव्हते. मजकुरात 'गोलंदाज तोफेपाशी मारले गेले' हे एक वाक्य असतं. हातात ब्लेड असलं की त्याचे पाच-सहा माणूस होतात. एक ओला बोळा आत फिरवून ठिणग्या विझवतो. दुसरा दारूची थैली सारतो, तिसरा गोळा किंवा छर्ऱ्यांचा डबा. मग ठासणं. मग मागच्या भोकात सळई घालून थैलीला छिद्र पाडायचं, वर बारीक दारू भुरभुरायची आणि बाजूला होऊन बत्ती. तोफ मागे उसळते, तिला पुन्हा पुढे ढकलायचं. यातल्या एकालाही तलवार उगारायला हात मोकळा नसतो. ओरडायलाही वेळ नसतो. हे काम आहे, कारखान्यातल्यासारखं, क्रम चुकला की हात जाणारं. साचा करणाऱ्याला हिंदुस्थानी सैनिक म्हटलं की आवेश दिसला, आपल्या मूर्तिकारालाही आवेशच दिसला. शिस्त दोघांनाही दिसली नाही. म्हणून मला माझ्या गोलंदाजासाठी शरीर उसनं आणावं लागलं ते फ्रेंच तोफखान्यातून, आणि तसं पाहिलं तर ते बरोबरच आहे. कवायत तिकडूनच आली होती.

मग रंग. ब्रिटिश शिपाई रंगवणं सोपं, कारण सगळं ठरलेलं. चेहऱ्यासाठी बाटली मिळते, तिच्यावर 'फ्लेश' लिहिलेलं असतं आणि आतला रंग गुलाबी. आपल्या मूर्तिकारांनीही मावळ्याला तोच गुलाबी दिला, हे विसरू नये. मी बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर आणि कणभर पांढरा असं मिश्रण करतो. पण कुणाचा चेहरा करायचा? इथे 'मराठा सैनिक' हा शब्दच हातात विरघळायला लागतो. शिंद्यांच्या कवायती पलटणींत पूरबिये होते, अवध-भोजपूरकडचे. अडगावला भोसल्यांच्या बाजूनं 74 आणि 78 वर तुटून पडले त्यांत अरब होते. वेलस्लीच्या बाजूला तर गोऱ्या पलटणी मोजक्याच. बाकीचे मद्रासचे शिपाई, तमिळ आणि तेलुगू बोलणारे. याच मद्रासी पलटणी असईला टिकल्या आणि अडगावला तोफांचा पहिला मारा होताच पांगल्या, वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना पुन्हा रांगेत आणलं. आणि पोलमन? तो आधी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट होता. युद्ध पेटताना कंपनीनं शिंद्यांकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं, तेव्हा बरेच जण निघूनही गेले.

त्यामुळे एका बाजूला गोरे आणि एका बाजूला आपण, असा पट मांडायला गेलो तर रंगाच्या बाटल्याच तो मांडू देत नाहीत. दोन्ही बाजूंना माझी बर्न्ट सिएना जास्त लागते. एका मित्रानं फोटो बघून विचारलं, 'भाऊ, यातले आपले कोणते?' मी गोलंदाजांकडे बोट दाखवलं. ते अवधचे असतील तर? ते असईच्या मातीत गेले, आणि त्यांच्या मागे उभा राहायला हवा होता तो राजा निघून गेला होता. मला ते आपले म्हणायला पुरेसं आहे.

लाल कोटाबद्दलही एक सांगायचंय. खोक्यावरच्या चित्रात तो कुंकवासारखा लाल असतो. पण ब्रिटिश सैन्यात तसा भडक लाल अधिकाऱ्यांचा, कोचिनील किड्यापासून केलेला. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या रंगाचा, विटेकडे झुकणारा, उन्हानं आणखी उतरणारा. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दख्खनच्या पावसात आणि उन्हात चाललेल्या माणसाचा कोट कसा दिसत असेल? वऱ्हाडात कुणीही वाळत घातलेली जुनी सतरंजी बघावी. मी लालात तपकिरी मिसळतो, गुडघ्यापासून खाली कोरड्या ब्रशनं मातीचा हात देतो. फोटो टाकल्यावर कुणीतरी म्हणतंच की रंग मळकट झालाय. झालाय खरा.

आणि माती काळी. या मुद्द्यावर मी भांडायला तयार आहे. छंदाचा रिवाज असा की सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर हिरवं कृत्रिम गवत चिकटवायचं. बेल्जियमला ठीक आहे. पण असईच्या सैनिकाच्या पायाखालीही तेच गवत दिसतं, म्हणजे कोट, बटण, काठ सगळं तपासून घेतल्यावर माणूस उभा केला इंग्लंडच्या कुरणात. असईची लढाई जमिनीवरच तर ठरली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज होती. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की उतार नाही. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मध्ये उतार असल्याशिवाय माणसं अशी गावं वसवणार नाहीत, एवढ्या तर्कावर त्यानं फौज घातली आणि उतार निघाला. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे कळतं. ते त्या दिवशी एका आयरिश माणसाला कळलं. ती नदी, तो काठ, ते गाव चकतीवरून पुसून हिरवं गवत लावलं की उरतं काय?

अडगाव तर वऱ्हाडाचं सपाट काळं रान. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे ज्वारी उभी असते किंवा नुकती कापलेली, धसकटं पायात टोचणारी. मी चकत्यांसाठी घरून आणलेली माती चाळून वापरतो. फेविकॉलवर भुरभुरली की वाळताना तिला भेगा पडतात, अगदी शेतात पडतात तशा. हे कुठल्याही दुकानातल्या महाग पेस्टपेक्षा चांगलं होतं. धसकटांसाठी झाडूच्या काड्या, दीड-दोन मिलिमीटरच्या, तिरक्या कापलेल्या.

माझ्या तोफेभोवती आता पाच जण उभे आहेत. सहाव्यावर अडलोय. तो तोफेखाली मेल्याचं सोंग घेऊन पडलेला हवा. जवळजवळ प्रत्येक सेटमध्ये एक मेलेला सैनिक असतो, त्यामुळे शरीराची अडचण नाही. अडचण आहे ती डोळ्यांची. या आकाराच्या माणसाला डोळे म्हणजे दोन ठिपके, बरेच जण ते काढतच नाहीत, वॉशचा गडद रंग खोबणीत बसला की भागतं. पण डोळे काढले नाहीत तर तो इतर मेलेल्यांसारखाच मेलेला दिसतो. उघडे काढले तर वरून चाललेल्या 78व्या पलटणीच्या माणसालाही दिसतील, मग सोंग कसलं. सध्या मी त्याला कुशीवर वळवलाय, तोंड तोफेच्या चाकाकडे, आणि उजवा हात गरम पाण्यात वाकवून दांड्याच्या इतका जवळ आणलाय की मध्ये पोस्टकार्ड जाईल.